कच्च्या टाक्यांचा कोट

(बेंगळूरचं मल्लेश्वरम. नोव्हेंबर १९९६, भर दुपार. हणमंतरावांचं लेडीज टेलरिंगचं छोटं दुकान. पडद्याच्या आत त्यांची बायको लक्ष्मीदेवी एका मुलीला नव्या कोटाची ट्रायल देतेय. हणमंतराव बाहेर, कापायच्या टेबलाशी. आतलं त्यांना ऐकू तेवढं येतं. दिसत काही नाही, आणि पडद्याकडं बघायची त्यांना सवयही नाही.)

संध्या : काकू, तुम्ही काहीही म्हणा, पण हात पुढे केला की बाही मनगटाच्या बरीच अलीकडे थांबतेय. हे बघा ना.

लक्ष्मीदेवी : थांब, थांब. सरळ उभी राहा आधी. आणि श्वास सोड. ट्रायलला सगळ्या जणी श्वास धरून उभ्या राहतात आणि मग परदेशातनं पत्र टाकतात, काकू बटण तुटलं म्हणून.

संध्या : मी श्वास नाही धरलाय. हे समोरचे पल्लेच एकमेकांना भेटत नाहीयेत. बटण लावायचं कुठे?

लक्ष्मीदेवी : भेटतील की. न भेटायला काय झालं... अगं बाई. खरंच भेटंनात. अहो! ऐकलं का?

हणमंतराव : ऐकतोय.

लक्ष्मीदेवी : वहीत बाही किती लिहिलीय?

हणमंतराव : साडेवीस.

लक्ष्मीदेवी : साडेवीस? या ताडमाड पोरीला साडेवीस? कुणी सांगितलं तुम्हाला?

हणमंतराव : तूच. आतनं तू आकडा सांगायचा आणि बाहेर मी लिहायचा. चौतीस वर्षं दुसरं कोण सांगतंय मला?

लक्ष्मीदेवी : आणि छाती?

हणमंतराव : छाती बत्तीस. खांदा साडेतेरा. लांबी अडतीस.

लक्ष्मीदेवी : पुरे.

हणमंतराव : कंबर वाचू?

लक्ष्मीदेवी : पुरे म्हटलं ना.

संध्या : काकू? काय झालं? खाली का बसलात एकदम? पाणी देऊ?

लक्ष्मीदेवी : काही नाही गं. पाय भरून आले स्वल्प. सकाळपासून उभीच आहे.

संध्या : म्हणजे माप चुकलं का? काकू, आज गुरुवार. रविवारी माझी फ्लाइट आहे. बँगलोर-मुंबई, मुंबई-झुरिक. मंगळवारी सकाळी क्लायंटसमोर उभं राहायचंय. ऑफिसमधून आम्ही पाच जण जातोय, त्यात मुलगी मी एकटी. कंपनीने पहिल्यांदाच एका मुलीला ऑनसाइट पाठवलंय. आणि मी तिथे जाणार गेल्या वर्षीच्या युनिफॉर्मात कोंबल्यासारखी!

हणमंतराव : पोरी, घाबरू नको. कापड वाया गेलेलं नाही. सगळं कच्च्या टाक्यावर आहे अजून. शिवणीत माया सोडलीय. बाहीत तीन इंच आत दुमडलेत, खाली चार, दोन्ही बगलांत दीड-दीड. टाके उसवले की तुझ्या मापाचा होतोय.

लक्ष्मीदेवी : चार इंच माया? तुम्ही? अर्ध्या इंचापुढं कापड दुमडायचं म्हटलं की तुमचा जीव खालीवर होतो.

हणमंतराव : लोकरीचं कापड आहे. लोकाचं आहे. सोडली.

संध्या : होईल ना पण वेळेत?

हणमंतराव : शनिवारी सहाला येऊन घेऊन जा. सरी, चालेल ना? लक्ष्मी, पोरीचं माप घे परत.

लक्ष्मीदेवी : मी नाही घेत.

हणमंतराव : म्हणजे?

लक्ष्मीदेवी : म्हणजे नाही घेत. चौतीस वर्षांत एकदा हात चुकला नव्हता माझा. एकदा! पुण्यामुंबईहून पोरी येतात, इथं कुणी ओळखीचं नसतं त्यांना, माझ्या आकड्यावर डोळे मिटून विसंबतात आणि विमानात बसतात. तो आकडाच फसवायला लागला तर मी कशाला उभी राहू इथं?

हणमंतराव : तू टेप खाली ठेवलीस की दुकान बंदच. मी बायकांना हात लावणार आहे का?

लक्ष्मीदेवी : मग करा बंद. आपला रवी कधीपासून म्हणतोय, जे. पी. नगरात रेडिमेडचं दुकान टाकू. टाका. तिथं मापच नको, नुसती एक, दोन, तीन अशी साइज.

संध्या : अहो काकू, एका चुकीसाठी? आमच्या प्रोग्राममध्ये रोज पन्नास चुका निघतात. आम्ही कुठे दुकान बंद करतो? उलट पगारवाढ मागतो.

लक्ष्मीदेवी : तुमचं बरं आहे बाई.

संध्या : घ्या ना माप. तीन दिवस मी कमर्शियल स्ट्रीट पालथी घातली. कुणी म्हणालं जेन्ट्सचा कोट लहान करून देतो, कुणी म्हणालं पंधरा दिवस लागतील. आणि मी राहते इथे मागच्याच क्रॉसला, पलीकडच्या गल्लीत!

लक्ष्मीदेवी : काखेत कळसा आणि गावाला वळसा.

संध्या : तेच. आणि खरं सांगू? मराठीत ओरडणारं दुसरं कुणी नाहीये मला या गावात.

लक्ष्मीदेवी : ये इकडं. हात वर कर. प्रत्येक माप दोनदा घेणार आहे हं आज. अहो, लिहा. बाही तेवीस. थांबा... हो, तेवीस.

हणमंतराव : तेवीस.

लक्ष्मीदेवी : खांदा साडेचौदा. साडेचौदाच.

हणमंतराव : साडेचौदा.

संध्या : काकू, ऑफिसने एक कागद दिलाय. काय घालायचं, काय नाही. गडद रंगाचे फॉर्मल्स, एथनिक नको, दागिने कमीत कमी. आमचा टीम लीड आहे ना, तनय, तो म्हणतो साडी तर बॅगेत ठेवूच नकोस. क्लायंट हसेल.

लक्ष्मीदेवी : तनय साडी नेसतो का?

संध्या : नाही हो!

लक्ष्मीदेवी : मग त्या उंटावरच्या शहाण्याला काय विचारतेस? एक साडी ने. कामाला कोट-पँट बरी, पण शेवटच्या दिवशी जेवायला बोलावतात. नेहमी बोलावतात. तेव्हा नेस. म्हैसूर सिल्क ने, एका रंगाची. चुरगळत नाही, घडी एवढीशी होते. कांजीवरम नको. आमचं एक गिऱ्हाईक आहे, नयना म्हणून. फ्रँकफर्टला मोठ्या हौशीनं जरीकाठाची नेसून गेली. फिरत्या जिन्यात काठ अडकला. जिना थांबवला म्हणे सगळा. गोरे लोक खाली रांगेत उभे, आणि ही मधल्या पायरीवर, पदर धरून.

संध्या : बापरे! मग?

लक्ष्मीदेवी : मग काय, काठाला कात्री लावली कुणीतरी. आईची साडी होती. इथं याच स्टुलावर बसून रडली माझ्यापुढं. तेव्हापासून मी प्रत्येकीला सांगते, तिकडं साडी दोन बोटं वर नेस. आणि परकर फलालीनचा घाल. तुझा शिवून ठेवलाय मी.

संध्या : फलालीन? जाडी दिसेन ना मी!

लक्ष्मीदेवी : कळीदार बेतलाय, कमरेला एक सुरकुती येणार नाही. थंडीनं दात वाजत असले की किती का बारीक असंना, कुणाला दिसतंय? आणि हे बघ, पंजाबी ड्रेस, त्यावर स्वेटर, त्यावर कोट, खाली खेळायचे बूट, असलं काही करू नकोस. नव्या पोरी सगळ्या तेच करतात. विमानतळावरच ओळखू येतात म्हणे.

संध्या : मला तेच नकोय, काकू. आत्ताच एसटीतून उतरल्यासारखी दिसायला नको. आणि उगाच मेमसाहेब बनल्यासारखी पण नको. मला... कसं सांगू? मला तिथे उभं राहिल्यावर कपड्यांची आठवणच यायला नको.

लक्ष्मीदेवी : मग कोट खांद्यावर बसायला पाहिजे. तिथं बसला की बाकीचं सांभाळता येतं. छाती पस्तीस. पस्तीस हो, परत बघितली. हे अस्तर बघ. आवडतं?

संध्या : मोरपंखी! पण कोट तर करडा आहे.

लक्ष्मीदेवी : बाहेरनं करडाच बरा, साहेबांत उठबस करायचीय तुला. पण तिकडं कुठंही आत शिरलं की कोट काढून खुंटीला टांगतात. पन्नास काळे-करडे कोट एका ओळीत. जाताना आपला कुठला ते कळत नाही. तुझा तुला लांबूनच दिसंल. आणि काढताना एवढासा रंग चमकून जाईल, ते बरं दिसतं. आत डाव्या अंगाला खिसा देणार आहे, चेन लावून, पासपोर्टला. मागची चीर स्वल्प वर घेतलीय. तिथल्या ट्रामची पायरी उंच असते.

संध्या : हो का?

लक्ष्मीदेवी : हो. आणि कॉलर उभी करता येईल अशी ठेवलीय. तळ्याच्या कडेनं चालताना या दिवसांत वारा मानेतनं शिरतो. चढावर रस्ते आहेत दगडाचे, टाचेचे बूट नेऊ नको. संध्याकाळी चर्चच्या घंटा एकीमागून एक सुरू होतात, आधी नदीच्या पलीकडची, मग अलीकडची. तेव्हा सगळी दुकानं बंद. काय घ्यायचं ते आधी घ्यायचं.

संध्या : काकू, तुम्ही झुरिकला गेला होतात?

लक्ष्मीदेवी : मी? छे गं. मी कुठली जाते. तिरुपती, मंत्रालयचा मठ, एकदा म्हैसूरचा दसरा. आयतु, संपलं माझं फॉरेन.

संध्या : मग हे घंटांचं, पायरीचं?

लक्ष्मीदेवी : ऐकलेलं. जाऊन आलेल्या बायका सांगतात की. कोट कुठं घासला, कुठं ओढला, कुठं भिजला, ते येऊन सांगायचं असा माझा नियम आहे सगळ्यांना.

हणमंतराव : एल्साबाई सांगायच्या झुरिकचं.

लक्ष्मीदेवी : तुम्ही लिहा. लांबी बेचाळीस.

संध्या : एल्साबाई कोण?

लक्ष्मीदेवी : होत्या एक. इथं सायन्सच्या इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचे साहेब शिकवायला आले होते, दोन वर्षांसाठी. एल्साबाई आमच्याकडं फ्रॉक शिवून घ्यायच्या. तेव्हा मी तुझ्यापेक्षा लहान, तेवीस वर्षांची. त्यांचं माप घेताना एकदा मी बोलून गेले, यांची बाही अशी नको, इथनं तिरकी कापायला पाहिजे, तर हात मोकळा राहील. ह्यांनी तशी कापली. अशी बसली बाही, की बाई आरशापुढनं हलेनात. मग त्यांनी विचारलं, कापतं कोण? म्हटलं, हे. सुचलं कुणाला? म्हटलं, मला. तर म्हणाल्या, मग तुझ्या हातात कात्री का नाही?

संध्या : मग?

लक्ष्मीदेवी : मग मागंच लागल्या. झुरिकला त्यांच्या बहिणीचं शिवणकामाचं मोठं दुकान होतं. परत जाताना मला घेऊन जाणार होत्या. एक वर्ष. राहायचं बहिणीकडं, बेतायला शिकायचं, आणि परत यायचं. तिकीट त्याच काढणार होत्या. मद्रासहून पासपोर्टसुद्धा आला होता माझा. फोटोत असे डोळे मोठे करून बसलेय, कुणीतरी ओरडल्यासारखी.

संध्या : आणि गेला नाहीत?

लक्ष्मीदेवी : नाही गेले.

संध्या : पण का?

हणमंतराव : दुकानात मापं घ्यायला कोण नव्हतं.

लक्ष्मीदेवी : ऐकलंस? मापं घ्यायला कोण नव्हतं.

संध्या : वाईट वाटलं असेल खूप.

लक्ष्मीदेवी : वाटलं की. अजून वाटतंय. लोक म्हणतात विसरायला होतं, मला नाही झालं. गेल्या सोमवारी तू आलीस, मी तुझ्या खांद्याला टेप लावली आणि तू म्हणालीस, काकू, झुरिकला चाललेय. मी सगळं बोलत होते तुझ्याशी, हात आपलं काम करत होते, पण मी इथं नव्हते गं. ते तळं मी एका पोस्टकार्डावर बघितलंय, बाकी काही नाही. तरी त्या काठावर जाऊन उभी होते. म्हणून चुकलं असंल माप. झालं. काढ कोट, सांभाळून. टाके कच्चे आहेत.

संध्या : काकू, मी तिथून फोटो पाठवीन तुम्हाला. तळ्याचे, ट्रामचे, सगळे.

लक्ष्मीदेवी : फोटो नको. परत येऊन सांग. घाई न करता, बसून सांग.

संध्या : नक्की. शनिवारी सहाला येते मग. आता ऑफिसला पळते. काका, येते हं.

हणमंतराव : ये. ऑटोअण्णाला सांग मीटरवर चल म्हणून, ऐकून घेऊ नको त्याचं.

संध्या : कन्नडमध्ये सांगू?

हणमंतराव : सांग की. दोन वर्षं झाली इथं येऊन, बोलायला शिक.

लक्ष्मीदेवी : रिक्षात बसली. गेली. चांगली पोरगी आहे.

हणमंतराव : हं. दार ओढून घेतो, जेवू आता.

लक्ष्मीदेवी : तुम्ही जेवा. मला ते ब्लेड द्या, उसवायला घेते.

हणमंतराव : होईल सावकाश.

लक्ष्मीदेवी : परवा द्यायचाय तिला. द्या ब्लेड. आणि रवीला आजच सांगा, ते जे. पी. नगरचं बघ म्हणून. हात चुकायला लागल्यावर थांबावं माणसानं.

हणमंतराव : तू चुकली नाहीस.

लक्ष्मीदेवी : माझी समजूत काढू नका. साडेवीस, बत्तीस, साडेतेरा, अडतीस. मघाशी तुम्ही एकेक वाचायला लागलात, तेव्हा माझ्या लक्षात आलं ही कुणाची मापं आहेत. म्हणून बसले खाली. माझी आहेत ती. त्या वेळची. तोंडातनं कशी निघाली देव जाणे. त्या पोरीच्या अंगाला टेप लावून मी माझी मापं सांगत बसले!

हणमंतराव : मला सोमवारीच कळलं होतं.

लक्ष्मीदेवी : काय कळलं होतं?

हणमंतराव : तू आतनं साडेवीस म्हणालीस. म्हटलं, असंल. मग बत्तीस म्हणालीस. साडेतेरा म्हणालीस तेव्हा पेन्सिल थांबली माझी. पुढचा आकडा तू बोलायच्या आधी मी लिहिला होता.

लक्ष्मीदेवी : अडतीस.

हणमंतराव : अडतीस. जन्मात एकदाच तुझं माप घेतलंय मी, लक्ष्मी. एरवी तुझा जुना ब्लाउज पुढ्यात ठेवतो आणि नवा बेततो. एकदाच घेतलेलं माप विसरीन होय?

लक्ष्मीदेवी : तुम्हाला कळलं होतं, आणि गप्प बसलात? परक्या पोरीचं कापड, त्यावर कात्री चालवलीत?

हणमंतराव : तिचं नुकसान होऊ दिलं नसतं. दारात शिरताना वरची पट्टी लागली होती तिच्या कपाळाला, उंची तेव्हाच कळली मला. अंदाजानं माया सोडली.

लक्ष्मीदेवी : म्हणून चार इंच! तरीच म्हटलं. पण मग सरळ नीट का नाही कापला? मला हाक मारायची, म्हणायचं, काय बडबडतेस, परत बघ.

हणमंतराव : एकदा बघायचा होता.

लक्ष्मीदेवी : काय?

हणमंतराव : तो कोट. तेव्हाचा. एल्साबाईंनी करड्याच रंगाचं कापड आणून दिलं होतं. मी कच्चे टाके घालून इथं खुंटीला लावला होता, आठवतंय? दुसऱ्या दिवशी ट्रायल घेणार होतो तुझी. त्याच संध्याकाळी मी तुला सांगितलं, जाऊ नको म्हणून. मग तो कोट शेजारच्या प्रतापरावांच्या बहिणीला दिला, बाह्या वाढवून. ती लंडनला घालून गेली. पण तू त्यात कशी दिसली असतीस, ते बघायचं राहिलंच. तीस वर्षं राहिलंय.

लक्ष्मीदेवी : माझं पण राहिलं. तो खुंटीवरनं गेला त्या दिवशी मी दुकानात आले नव्हते. डोकं दुखतंय म्हटलं होतं.

हणमंतराव : माहीत आहे. डोकं दुखत नव्हतं.

लक्ष्मीदेवी : नव्हतं.

हणमंतराव : लक्ष्मी, आणखी एक सांगायचंय. मापं घ्यायला कोण नव्हतं म्हणालो ना, ते...

लक्ष्मीदेवी : होत्या की. वन्सं होत्या.

हणमंतराव : तुला...

लक्ष्मीदेवी : तुमच्या बहिणीनंच सांगितलं मला, त्याच दिवाळीत. न्हाऊन आल्या आणि माझ्याजवळ येऊन रडायला लागल्या. म्हणाल्या, वहिनी, मी दादाला म्हणाले होते, वर्षभर मी घेते मापं, वहिनीला जाऊ दे. दादा म्हणाला, हे तिला सांगायचं नाही. तुम्ही स्वतःची शपथ घातलीत म्हणाल्या.

हणमंतराव : म्हणजे तेव्हापासून तुला माहीत आहे?

लक्ष्मीदेवी : हो.

हणमंतराव : आणि एका शब्दानं बोलली नाहीस.

लक्ष्मीदेवी : तुम्ही सांगाल म्हणून थांबले. वाटलं, पाडव्याला ओवाळते तेव्हा सांगतील. मग रवी झाला. म्हटलं, बारसं झालं की सांगतील, माणूस हळवा होतो अशा वेळी. मग वन्सं गेल्या. त्यांच्या तेराव्यालासुद्धा मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. मग म्हटलं, जाऊ दे, आता नको वाट बघायला. बघतच होते पण. दर वेळी कुणी झुरिक म्हटलं की आधी तुमच्याकडं बघायचे.

हणमंतराव : मला भीती वाटली होती.

लक्ष्मीदेवी : कसली?

हणमंतराव : तू परत येणार नाहीस याची. माझ्यापेक्षा तुला जास्त कळतंय, हे लग्नानंतर वर्षभरातच मला कळलं होतं. कापड नुसतं बोटांत धरलंस तरी ते कसं पडेल ते सांगायचीस. मला अजून येत नाही ते. म्हटलं, तिकडं हिच्या हातात कात्री दिली, हिला मान मिळाला, चार लोक हिचं ऐकायला लागले, की ही परत येऊन पडद्याआडनं आकडे कशाला सांगंल?

लक्ष्मीदेवी : आले असते हो.

हणमंतराव : खरंच?

लक्ष्मीदेवी : खरं सांगू? मला नाही माहीत. पासपोर्ट हातात आला, तेव्हा मला पण तीच भीती वाटली होती. गेले की मी यायची नाही. म्हणून तुम्ही जाऊ नको म्हणालात, तेव्हा मी भांडले नाही. एका अर्थी सुटल्यासारखं पण वाटलं. भांडायला पाहिजे होतं.

हणमंतराव : चुकलं माझं. फार मोठं चुकलं.

लक्ष्मीदेवी : चुकलं.

हणमंतराव : आता काय करू, सांग.

लक्ष्मीदेवी : आता काय करता? त्रेपन्नाव्या वर्षी कोण मला नेऊन कात्री धरायला शिकवतंय? एल्साबाई वारून सात वर्षं झाली. त्यांच्या बहिणीचं दुकान आहे की नाही, कोण जाणे. तो कोट उसवा आणि ज्या पोरीचा आहे तिला द्या. तिचं तरी नीट बसू दे. आणि शनिवारी ट्रायल मीच घेणार, रवीला काही सांगू नका तुम्ही.

हणमंतराव : सरी. उसवतो. पण आधी एकदा तू घाल.

लक्ष्मीदेवी : वेड लागलंय का? बत्तीस छातीचा कोट, मला? नातवाची आजी आहे मी. एक हात घातला तर कापड टर्रकन फाटंल.

हणमंतराव : हात घालू नको. खांद्यावर टाक नुसता.

लक्ष्मीदेवी : कुणी बघितलं तर काय म्हणंल?

हणमंतराव : कोण बघतंय? दार ओढलंय मी.

लक्ष्मीदेवी : काहीतरीच तुमचं. द्या इकडं. सांभाळून, टाके निघतील.

हणमंतराव : आत कुठं चाललीस?

लक्ष्मीदेवी : पडद्याआड. आरसा तिकडं आहे.

हणमंतराव : जाऊ नको. इथं, माझ्यासमोर टाक. मला बघायचंय.

लक्ष्मीदेवी : बघा मग. हसायचं नाही पण.

हणमंतराव : नाही हसत. जरा उजेडाकडं ये. कॉलर उभी कर. मान वर.

लक्ष्मीदेवी : अशी?

हणमंतराव : अशी.

लक्ष्मीदेवी : झालं ना बघून? सांगा की. कशी दिसते?

हणमंतराव : निघाल्यासारखी.

लक्ष्मीदेवी : मग थोडा वेळ राहू द्या. लगेच उसवू नका.